अर्ध्या जेवणाचं देणं

पाच माणसांचा भात किती लावायचा, हे माझ्या बायकोला शेवटपर्यंत जमलं नाही. खानावळ बंद होऊन पंचवीस वर्षं झाली तरी तिचा हात डब्यात गेला की दहा-बारा माणसांच्या अंदाजानेच तांदूळ बाहेर यायचे. सून हसायची. "आई, जेवायला कोण येणार आहे?" असं विचारायची. "आलं कुणी तर?" हे हिचं ठरलेलं उत्तर. उरलेला भात सकाळी फोडणीला पडायचा आणि नातीच्या डब्यातून आधी शाळेत, पुढे कॉलेजात जायचा. २०२४ च्या पावसाळ्यात ही गेली. तेव्हापासून आमच्या घरी भात मोजका होतो. "फोडणीचा भात खाऊन किती महिने झाले," असं नात एकदा सहज बोलून गेली, आणि सून भांडी घासायचं निमित्त करून मोरीकडे वळली.

गेलेल्या माणसाचं चांगलंच लिहावं असा रिवाज आहे. हिच्याबद्दल तसं लिहायला मला काहीच कष्ट पडणार नाहीत. पण मला लिहायचं आहे ते हिच्या चांगुलपणाइतकंच माझ्या एका वागण्याबद्दल. हिने ते बेचाळीस वर्षं कधी उगाळलं नाही. जाताना मात्र त्याचा हिशेब मागे ठेवून गेली.

मी गिरणीतला, साचेखात्यातला कामगार. राजापूर तालुक्यातल्या एका वाडीतून १९६६ साली मुंबईला आलो. दोन वर्षं बदलीवर काढली, मग कायम झालो. लालबागच्या चाळीत चुलत्यांची दहा बाय बाराची खोली होती. ते गावी परतल्यावर ती माझ्याकडे आली आणि १९७१ साली हीही आली. माहेर लांजा तालुक्यातलं, शिक्षण चौथी, वय अठरा. मुंबईत पाऊल ठेवल्यावर पहिल्या दिवशी पहाटे गिरणीचा भोंगा ऐकून दचकून उठून बसली होती. पुढे त्याच भोंग्यावर हिचं घड्याळ चाललं.

लगेच १९७२ चा दुष्काळ आला. घाटावरची माणसं कामासाठी मुंबईत येत होती. रेशनवर मिलो मिळायचा, बाजारात भाव भडकलेले. माझ्या गावचे दोघे गावकीच्या खोलीत राहायचे आणि जेवणाचे हाल व्हायचे म्हणून आमच्याकडे जेवू लागले. दोनाचे चार झाले, चाराचे अकरा. अशी आमची खानावळ सुरू झाली. पाटी नव्हती, परवाना नव्हता. अशा खानावळी गिरणगावात चाळीचाळींतून होत्या. बायकामुलं गावी ठेवून एकट्याने मुंबईत राहणाऱ्या हजारो गिरणी कामगारांची पोटं त्याच भरत होत्या. गिरणगावाचा इतिहास सांगताना पुढाऱ्यांची नावं येतात, शाहिरांची येतात. या बायकांची फारशी येत नाहीत.

पहिली पाळी सकाळी सातची, दुसरी दुपारी साडेतीनची, तिसरी रात्री बाराची. याचा अर्थ चूल कधी थंड व्हायची नाही. पहाटे चारला नळाला पाणी यायचं, तेव्हा ही उठायची. पहिल्या पाळीचे डबे सहाला तयार. दुसऱ्या पाळीवाले दुपारी जेवून जायचे, पहिलीवाले सुटून यायचे ते चारला टेकायचे, तिसरीवाले रात्री दहाला. कोकणातल्यांना भात आणि कुळथाची पिठी, घाटावरच्यांना ज्वारी-बाजरीची भाकरी आणि वर ठेचा. आपल्या हाताला तांदळाच्या भाकरीची सवय असताना ही बाजरीची भाकरी थापायला शिकली, ती एका सातारकराकडून. तो समोर बसून सांगायचा, "वैनी, पीठ आणखी मळा." सगळे तिला वहिनीच म्हणायचे. कुणी चार दिवस गावी गेलं तर तेवढे खाडे वहीत मांडून ती पैसे कमी घ्यायची. कुणाला ताप आला तर त्याची पेज गावकीच्या खोलीत पोचवायची आणि ती मात्र वहीत मांडायची नाही.

महागाईविरुद्ध मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी लाटणं मोर्चे काढले, त्यातल्या एकाला ही गेली होती. थाळी आणि लाटणं घेऊन दुपारभर रस्त्यावर वाजवत होती. संध्याकाळी घरी आली, लाटणं धुतलं आणि त्याच लाटण्याने पोळ्या करायला बसली. "थाळीला पोचा आलाय," एवढंच म्हणाली. ती थाळी अजून घरात आहे.

खानावळवालीचं खरं दुखणं असायचं ते उधारीचं. जेवणारे पगार झाल्यावर पैसे देणार आणि धान्य तर रोज लागणार. दुकानदाराकडे खातं असायचं, तो उधारीचा म्हणून भाव चढा लावायचा. त्यातून महिनाअखेर आली की हिच्या हातातल्या बांगड्या गहाण पडायच्या, पगार झाला की सुटायच्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि खानावळवाल्या बायकांना एकमेकींच्या जामिनावर बँकेचं कर्ज मिळू लागलं. पुढल्या वर्षी हिने पंधराशे रुपयांचं कर्ज घेतलं. चौथी शिकलेली असली तरी सहीची सवय मोडली होती. मुलीच्या पाटीवर आठ दिवस सही गिरवत बसली. कर्ज घेऊन आली त्या दिवशी मी सहज म्हटलं, "आता तू सावकार झालीस." ती म्हणाली, "सावकार नाही, गिऱ्हाईक झाले. आजवर तेही नव्हते." तेव्हा मला ते फारसं कळलं नव्हतं.

मग १८ जानेवारी १९८२ हा दिवस उजाडला. मुंबईतल्या गिरण्यांमधले सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगारवाढ हवी होती, बदली कामगारांना कायम करायला हवं होतं, आणि आपली युनियन आपण निवडण्याचा हक्क हवा होता. डॉक्टर दत्ता सामंतांवर आमचा विश्वास होता. ती मागणी न्यायाची होती, असं मी आजही म्हणतो. महिना-दोन महिन्यांत मालक नमतील असं वाटलं होतं. मार्च गेला, मे गेला. माणसं गावी परतू लागली. जी राहिली ती हातगाडीवर भाजी विकू लागली, हमाली करू लागली. आमच्याकडे मात्र जेवणारे अकराच्या अकरा राहिले होते. गावी गेलेल्यांच्या जागी ज्यांच्या खानावळी बंद पडल्या ते आले. पैसे कुणाकडेच नव्हते. ही वहीत मांडत होती आणि वाढत होती.

मी सभांना जात होतो, गेटवर उभा राहत होतो. घरात धान्य कुठून येतं, हे मी विचारत नव्हतो.

ऑगस्टचा पहिला आठवडा. श्रावण चालू होता, म्हणून खानावळीत मासळी बंद होती. संपाचा सातवा महिना. त्या दिवशी गेटवर आम्ही उभे असताना कामावर परतलेल्यांना घेऊन पोलीस बंदोबस्तात एक गाडी बाहेर आली. आत खिडकीशी मान खाली घालून बसलेला आमचा सातारकर मला दिसला. हिला भाकरी शिकवणारा. कोरेगाव तालुक्यातला, माझ्याच वयाचा. आमच्या मुलाला खांद्यावर घेऊन गणेशगल्लीचा गणपती दाखवून आणणारा.

मी घरी पोचलो तेव्हा तो जेवायला बसला होता. पुढ्यात वरणभात, भाकरी, एक भाजी. अर्धं जेवण झालं होतं. ही चुलीकडे तोंड करून भाकरी थापत होती. मी एक शब्दही न बोलता वाकलो आणि त्याच्यासमोरचं ताट ओढून घेतलं.

भरल्या ताटावरून माणसाला उठवू नये, हे मला आईने शिकवलं होतं. त्या क्षणी ते आठवलं नाही, असंही नाही. आठवूनच मी ते केलं.

तो उठला. खरकटा हात तसाच धरून दारापर्यंत गेला आणि चपला न घालता हातात घेऊन जिना उतरला. ही तव्यावरची भाकरी कागदात गुंडाळून त्याच्यामागे धावली. थोड्या वेळाने तशीच परत आली. खोलीत आणखी तिघं जेवत होते, मोठी मुलगी दहा वर्षांची, ती सगळं बघत होती. कुणाच्या तोंडून शब्द नव्हता. हिने मी ओढलेलं ताट मोरीत नेऊन ठेवलं, माझं ताट वाढलं आणि म्हणाली, "संप तुमचा आहे. चूल माझी आहे. माझ्या चुलीपाशी कुणी जेवायचं, ते युनियनने ठरवायचं नाही."

मी म्हटलं, "तो फितूर आहे."

"असेल," ती म्हणाली. "पण तो जेवत होता."

त्या रात्री मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी जेवलो. भूक कुणाची वाट बघत नाही. सातारकर पुन्हा आला नाही. पुढे कळलं की तो थोड्याच दिवसांत काम सोडून गावी गेला.

संप रीतसर मागे घेतला असं कधी जाहीर झालंच नाही. तो नुसता विरत गेला. मला गिरणीने परत घेतलं नाही. दोन वर्षं मी घरात बसून होतो. पुरुष घरात बसला की त्याला घर लहान वाटू लागतं, आणि आमचं घर तर मुळातच लहान. मी चिडचिड करायचो, ही भाकऱ्या थापायची. शेवटी एका कचेरीत रखवालदाराची नोकरी लागली. मधल्या काळात घर हिने चालवलं. हे वाक्य लिहायला मला एक ओळ लागली. तिला ते करायला किती भाकऱ्या लागल्या असतील, याचा हिशेब मी कधी केला नव्हता.

१९८८ साली मोठी मुलगी दहावी झाली. मी म्हटलं, आता पुरे, खानावळीत हाताखाली येईल. हिने पहिल्यांदाच माझ्यापुढे पाट आपटला. "माझ्या हाताखाली कुणी नको. ती माझ्यासारखी पहाटे चारला उठली तरी चालेल, पण पगाराला उठायला हवी." मुलगी परिचारिका झाली. पालिकेच्या रुग्णालयात आयुष्यभर पाळ्या केल्या, आता निवृत्तीला आली आहे. मुलाला छापखान्यात काम लागलं, धाकटी शिक्षिका झाली. तिघांचीही प्रगतिपुस्तकं ही हातात घेऊन बघायची. इंग्रजी आकडे कळायचे, विषय कळायचे नाहीत. "हा चौतीस कशात आहे?" असं विचारायची, आणि तो विषय तिला कायमचा पाठ होऊन जायचा.

गिरण्या एकामागून एक बंद झाल्या. चिमण्या पडल्या, त्यांच्या जागी काचेचे टॉवर आणि मॉल उभे राहिले. जेवणारे कमी होत गेले. १९९८ साली शेवटचे दोघे गावी गेले आणि खानावळ संपली. २०१२ मध्ये गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली, तेव्हा आम्हीही अर्ज भरला होता. नंबर लागला नाही. ही म्हणाली, "बरं झालं. तिथल्या स्वयंपाकघरात अकरा माणसं बसली नसती."

आजी म्हणून हिचा तोरा वेगळाच होता. मुलांना लाड करायला तिला वेळच मिळाला नव्हता, तो सगळा नातवंडांसाठी साठवून ठेवला होता. मुलाच्या मुलीला हिने सहाव्या वर्षी पोळपाटावर बसवलं, आणि धाकटीच्या मुलालाही बसवलं. "पोटाला मुलगा-मुलगी नसतं," म्हणाली. नातीने मोबाइल शिकवला तेव्हा पहिला फोन केला तो कुणा नातेवाइकाला नव्हे, एका जुन्या जेवणाऱ्याला. गावी होता, नव्वदीचा. "जेवलात का?" हा पहिला प्रश्न. तिच्या लेखी एवढ्यात माणसाची सगळी खुशाली येत होती.

एकदा, १९९४ च्या सुमारास, आम्ही एका लग्नाला साताऱ्याला गेलो होतो. परतताना ही म्हणाली, "कोरेगाव इथून लांब नाही." मी एस.टी.च्या खिडकीबाहेर बघत राहिलो. तिने पुन्हा विचारलं नाही. आज वाटतं, त्या दिवशी तिने पुन्हा विचारायला हवं होतं. पण हीही माझी पळवाटच. त्या दिवशी मीच उतरायला हवं होतं.

हिच्यामागे लुगड्यांची एक पत्र्याची पेटी राहिली. वर्षश्राद्धाच्या आधी सुनेने ती उघडली. तळाशी लाल कापडी बांधणीच्या तीन वह्या होत्या. माझ्या डोळ्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून नात वाचून दाखवू लागली. एकेका जेवणाऱ्याचं एकेक पान. १९८२ ची पानं उधारीने भरलेली. त्यातल्या बऱ्याच पानांवर पुढे कधीतरी आडवी रेघ मारून ‘मिटलं’ असं लिहिलेलं. त्यातले किती पैसे खरोखर आले होते, हे मला माहीत आहे. फार थोडे आले होते. बाकीचं हिनेच मिटवलं होतं.

सातारकराच्या पानावर रेघ नव्हती. ऑगस्टची तारीख होती आणि तिच्यापुढे दोन नोंदी. पहिली, ‘जमा रु. ६०’. दुसरी, ‘आपल्याकडून देणं – अर्धं जेवण’.

नातीने शेवटच्या पानावरचा धान्याचा हिशेब काढला. दुसऱ्याच दिवशी तांदूळ आणि तूरडाळ आणली होती, रोख पैसे देऊन.

मला उलगडायला थोडा वेळ लागला. तो त्या दिवशी नुसता जेवायला आला नव्हता. कामावर गेल्यावर मिळालेल्या उचलीतून सहा महिन्यांच्या उधारीपैकी साठ रुपये द्यायला आला होता. त्या साठ रुपयांचे तांदूळ आणि डाळ दहा संपकऱ्यांनी खाल्ली. अकरावा मी. ज्याला फितूर म्हणून उठवलं त्याच्याच पैशाचा भात मी दुसऱ्या दिवशी जेवलो, आणि ती गप्प राहून वाढत राहिली. त्या वेळी ती हे बोलली असती तर मी अन्नाला शिवलो नसतो आणि माझं पाहून बाकीचेही उठले असते. अकरा माणसं उपाशी राहू नयेत म्हणून तिने आपल्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा पेटीत ठेवून दिला.

पुढचं काम नातीने केलं. कोरेगाव तालुक्यातल्या त्या गावातल्या कुणाकुणाला फोन करून तिने घर शोधलं. सातारकर २०११ सालीच गेला होता. त्याची बायको होती. जानेवारीत मी आणि नात परळच्या डेपोतून एस.टी.त बसलो.

घरापुढे आल्याचं शेत, अंगणात काढलेलं आलं पसरलेलं. म्हातारी ओट्यावर बसली होती. मी ओळख सांगितली. तिने डोळ्यांवर हात धरून माझ्याकडे पाहिलं. "लालबागच्या वैनीचं मालक व्हय तुमी? या, बसा. लई नाव काढायचं तिचं. कोकणातली असून बाजरीची भाकरी करती म्हनायचं."

मी विचारलं, मुंबई का सोडली, ते कधी बोलले का? "गिरणी बंद झाली म्हनून आलं," ती म्हणाली. त्या वर्षी थोरल्या मुलाला टायफॉइड झाला होता, औषधाला पैसे नव्हते, म्हणून ते थोडे दिवस कामावर गेले होते, हेही तिनेच सांगितलं. तो मुलगा आता पन्नाशीचा. तोच आमच्यासाठी तांब्या भरून घेऊन आला होता.

ताटाबद्दल त्याने घरी कधीच काही सांगितलं नव्हतं. एकोणतीस वर्षांत, एकदाही. माझी अब्रू त्याने त्याच्या घरात सांभाळली होती, आणि हिने माझ्या घरात.

मग मी सांगितलं, सगळं. नातीसमोर आणि त्या मुलासमोर सांगितलं. म्हातारी बराच वेळ आल्याच्या ढिगाकडे बघत होती. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती उठली आणि सुनेला हाक मारून म्हणाली, "ताटं घे गं." मग माझ्याकडे वळून, "आता जेवूनच जावा."

बाजरीची भाकरी, वाघ्या घेवड्याची आमटी, कांदा, ठेचा. मी पूर्ण जेवलो. ताट कुणी ओढलं नाही.

परतीच्या गाडीत नातीने विचारलं, "आजोबा, फिटलं का आता?"

मी काही बोललो नाही. घरी आल्यावर वही मागून घेतली, ते पान काढायला सांगितलं आणि भिंगातून बघत, हिच्या अक्षराखाली माझ्या थरथरत्या अक्षरात लिहिलं: ‘एकूण देणं – दीड जेवण’.

त्या रात्री सुनेने भात जरा जास्तच लावला. कुणी काही बोललं नाही. सकाळी फोडणी पडली.